नानांच्या खाटेचं बाकडं

चिंचवड, १२ मे १९७६

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या प्रभाकरचा नमस्कार पोचावा. दाजींच्या गुडघ्याला उतार पडला असेल. आमच्याकडे सगळे ठीक, म्हणजे सुमेधा ठीक आहे आणि माझ्याशी बोलत नाही.

नाना तुझ्याकडे महिनाभर राहायला म्हणून आले, आठव्या दिवशी इकडे परतले आणि त्याच रात्री पुन्हा तुझ्या दारात उभे. कारण त्यांनी सांगितलं नसणार. मी सांगतो.

त्यांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा बंद पडलेल्या एका प्रसूतिगृहातून आपण लोखंडी खाट आणली होती. पायथ्याचं हँडल फिरवलं की उशाची बाजू वर येते, तीच. हिंडूफिरू लागल्यापासून नाना रोज म्हणत, "ही खाट काढ रे, दवाखान्यात झोपल्यासारखं वाटतं." दोन वर्षं मी ते ऐकून सोडून दिलं. ते तुझ्याकडे गेल्यावर मात्र तिसऱ्याच दिवशी मनावर घेतलं. (वडिलांची आज्ञा पाळायला मला नेहमी असा मुहूर्त सापडतो.)

खरं म्हणजे मला कामाचं बाकडं हवं होतं. टूलरूममध्ये आठ तास कानस चालवूनही घरी हात शिवशिवतात (सुमेधा याला रोग म्हणते), आणि जमिनीवर बसून पाठ गेली. ही खाट म्हणजे हवं तसं खालीवर होणारं बाकडंच, हे मला कंपनीच्या बसमध्ये सुचलं. काळेवाडीच्या शफीकडे वेल्डिंगला नेली. तो म्हणाला, "भाऊ, वडिलांना विचारलं ना?" मी म्हटलं, "त्यांचीच इच्छा आहे." त्या वाक्याची अजून लाज वाटते.

चाकांमुळे डुगडुगू नये म्हणून पाय तीन इंच कापले, वर फळ्या ठोकल्या, उशाच्या बाजूला वस्तू घट्ट धरायचा व्हाइस बसवला. पण हँडलने एकच बाजू वर जाते, त्यामुळे वर ठेवलेली प्रत्येक वस्तू घरंगळत खाली. शिवाय जोर दिला की हँडल आपोआप उलटं फिरतं. शेजारच्या गोजाबाईंचा अडकित्ता धार लावायला घेतला तो उभ्याने. अडकित्ता हळूहळू खाली गेला, मागोमाग मी गेलो आणि काम संपलं तेव्हा मी उकिडवा बसलो होतो. गोजाबाई म्हणाल्या, "असं वाकून करतात होय कंपनीत?"

तेवढ्यात नाना दारात. हातात तू दिलेल्या घेवड्याची पिशवी.

त्यांनी पिशवी ठेवली, हँडल दोनदा फिरवून पाहिलं, फळीवरून हात फिरवला. "काम चांगलं केलंयस," म्हणाले.

"नाना, तुम्हीच म्हणत होतात ना..."

"हो. मीच म्हणत होतो."

मग हातपाय धुतले, जेवले आणि म्हणाले, "वासंतीकडे चष्मा विसरलो. जाऊन येतो." चष्मा त्यांच्या नाकावर होता. सुमेधाने माझ्याकडे पाहिलं. तेव्हापासून अबोला आहे.

स्टेशनवर लोकल वीस मिनिटं उशिरा आली. वीस मिनिटांत माणूस पुष्कळ बोलू शकतो. मी "आज गाडीला उशीर आहे" एवढंच दोनदा म्हटलं. आठ दिवसांतच ते का परतले होते, हेही विचारलं नाही. सुमेधा गोजाबाईंना सांगत होती, त्यांना घरची आठवण आली असणार.

दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा
प्रभाकर

ता. क. मी रविवारी पहिल्या गाडीने त्यांना न्यायला येतोय. तोवर त्यांना कुठे जाऊ देऊ नकोस.

आणखी ता. क. हे पत्र त्यांना वाचून दाखवू नकोस.

शेवटचा ता. क. तू दाखवणारच, तर एवढंच वाच: नाना, फळ्या काढल्या, गादी घातली. पण खाट तीन इंच बुटकी झाली आहे. बसल्यावर तुमचे गुडघे फार वर येतात का, हे तुम्ही बसल्याशिवाय कळायचं नाही. शफी वाढीव पाय घेऊन थांबला आहे.