धमनीची खबर अर्जदार सोडून सर्वांना दिल्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
गोदातीर हृदय रुग्णालय, नांदेड.

विषय : अर्जदाराच्या धमनीविषयी यापुढे खुद्द अर्जदारास सांगणेबाबत.
संदर्भ : गेल्या श्रावणात आपल्या येथे झालेली शस्त्रक्रिया.

महोदय,

अर्जदार राहणार अर्धापूर, धंदा केळीची शेती. त्याच्या छातीतल्या मोठ्या धमनीचे आतले अस्तर फाटून रक्ताने भिंतीतच दुसरी वाट केली होती. आपल्या डॉक्टरांनी मांडीतून जाळीची नळी सरकवून फाटलेली जागा झाकली. जीव वाचला, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. घरी सोडताना डॉक्टरांनी अर्जदाराचा धाकटा भाऊ दयानंद यास बाहेर बोलावून सांगितले, की खाली आणखी छिद्रे आहेत, दुसरी वाट अजून वाहते. रक्तदाब चढला, तंबाखू चालू राहिली वा ओझे उचलले तर धमनी भरून यायची नाही, उलट फुगेल. "दादाला सांगू नका, खचंल," असे दयानंद म्हणाला आणि डॉक्टरांनी मान डोलावली. आत येऊन त्याने पाठीवर थाप मारली : "दादा, आता तू घोडा हायस घोडा!"

घोड्याने मग घोड्यासारखेच काम केले. केळीचे घड खांद्यावर वाहिले, जेवणावर तंबाखू मळली, आणि नवी नळी बसल्यावर गोळ्या कशाला म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्या. पत्नी तुळजाबाई अळणी भाजी वाढून नवस आहे म्हणत असे. अर्जदाराने त्या नवसावर विश्वास ठेवला, याचेच त्यास सर्वांत जास्त वाईट वाटते.

खरे कळले पानटपरीवर. टपरीवाल्या यासेरभाईंनी तंबाखूची पुडी मागे घेतली : "नस भरली न्हाई म्हणे तुमची. मी कशाला गुनाह करू?" ज्याचे जळते त्याला कळते म्हणतात. येथे न्हाव्यापासून व्याह्यापर्यंत सर्वांस कळले, आणि ज्याचे जळत होते तोच अंधारात. परवाच्या तपासणीत धमनी फुगलेली निघाली, दुसरी शस्त्रक्रिया करावी लागेल असे ठरले. तेही दयानंदासच बाहेर नेऊन सांगितले. अर्जदार दाराआड उभा होता म्हणून ऐकू आले.

भावाने दगा दिला तो मायेपोटी, म्हणून त्याच्याशी धड भांडताही येत नाही. आपल्याशी येते.

तरी विनंती, की दुसऱ्या शस्त्रक्रियेतला धोका अर्जदारास समोर बसवून सांगावा व दयानंदास बाहेर ठेवावे. अर्जदार खचणार नाही. खचलाच, तर तो त्याचा हक्क आहे.

मात्र धोका मोठा निघाल्यास तुळजाबाईस कोणी काही सांगू नये. तिला सोसवणार नाही.

आपला रुग्ण व अर्जदार,
शेषेराव गोविंदराव इंगोले
अर्धापूर, दि. १४ जानेवारी २०२५