होडीत माणसं किती

अस्वान, शुक्रवार सकाळ

गुडघेदुखीविशारद भास्करशास्त्री यांस पुरुषोत्तमाचा सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा, वहिनींचं पित्त आणि तुमचं म्हातारं मांजर, तिघांनाही उतार असावा.

आधी तक्रार. तुझ्या पन्नाशीला पाठवलेलं माझं नाईलचं चित्र तू स्वयंपाकघरात पाण्याच्या फिल्टरवर टांगलंस, असं वहिनींकडून कळलं. (पाण्याजवळ पाणी शोभतं, हा तुझा युक्तिवादही कळला. पाठशाळेत सहा वर्षं तुझ्याशेजारी बसून याहून बरे हेत्वाभास मी ऐकले आहेत.) ते चित्र कसं झालं हे तुला ठाऊक नाही. इथल्या हवेत ॲक्रिलिक रंग बशीत पिळून कुंचला उचलेपर्यंत त्यावर साय धरते, म्हणून बशीखाली ओलं फडकं, फडक्यावर पहारा. काठावर बसून पेन्सिलीनं दोन मिनिटांत रेखाटन, रंग विसरू नयेत म्हणून मोबाइलवर दोन-तीन फोटो, आणि मग घरी सावकाश चित्र. रेखाटन खोटं बोललं तर फोटो त्याचा कान धरतो. एकोणीस वर्षं (म्हणजे इथल्या कारखान्यात मी चिकटल्यापासून) हा संसार सुरळीत चालला. गेल्या महिन्यात दोघांचं भांडण लागलं, एकमेव साक्षीदार मी, आणि मला काही आठवत नाही.

झालं असं. घरमालकीण हज्जा दहीबा, तिचा भाचा शाझली होडी चालवतो. तो सकाळी रिकामी होडी घेऊन परतताना मी त्याला रेखाटलं, तीन फोटो घेतले. घरी येऊन पाहतो तर फोटोत शाझली सुकाणूवर एकटा आणि रेखाटनात दोघे. दुसरा होडीच्या टोकाशी, पाठमोरा, अंगाभोवती चादर. तो काढल्याचं मला स्मरत नाही. पण काढला मीच, कारण त्याचे हात चादरीत लपवलेले आहेत. (हात काढता न येणं ही माझी जन्मभराची सही.)

मी फोटोची बाजू घेतली आणि शाझली एकटाच रंगवला. चित्र त्याला दाखवलं. त्यानं होडीच्या टोकावर बोट ठेवलं.

"उस्ताद, दुसऱ्याला कुठं उतरवलंत?"

"दुसरा कोण? तू एकटाच होतास ना?"

"होतो की एकटाच. पण होडी बघा. मी मागं एकटा असलो की तिचं नाक वर असतं. इथं दबलंय. पुढं बसलंय कुणीतरी."

फोटो उघडले. तिन्हींत नाक दबलेलं. (धूर पाहून अग्नी ओळखावा हे आपण घोकलं. नाक दबलेलं पाहून माणूस ओळखायची वेळ येईल, हे गुरुजी बोलले नव्हते.)

नदीच्या तळाशीही माणसांसारखी वस्ती असते असं मानणाऱ्या हज्जानं मात्र निकाल उभ्याउभ्या दिला. "नदीतल्या लोकांना कागदावर घेतलंस, त्यांचा वाटा दिलास का? एकोणीस वर्षं काठावर बसून गिळतोयस, पहिला घास कधी पाण्यात टाकलास? आणि म्हणे शिकलेला!" ताटाभोवती न चुकता चित्राहुती घालणारा मी, मान खाली घालून गेलो आणि खजूर, साखर, अत्तराची अख्खी बाटली नदीला वाहिली. खजूर बुडाले, पण पाण्यावर एकही वर्तुळ उमटलं नाही. (ऊन डोळ्यावर होतं, तेव्हा दिसलं नसेल.)

पुढच्या शुक्रवारी मी त्याच जागी बसलो. शाझली लांबूनच हसत ओरडला, "उस्ताद, आज आम्ही किती?"

मी मोजत होतो.

तुझा,
पुरुषोत्तम

ता. क. तक्रार मागे घेतो. चित्र फिल्टरवरच राहू दे, त्या रंगाला ओल बाधत नाही.

ता. क. दुसरा. ते चित्रही याच जागेवरून, याच होडीचं आहे. त्याचं रेखाटन आणि फोटो माझ्याकडे उरलेले नाहीत. हे वाचून झालं की उठ आणि होडीतली माणसं मोज. माझ्या आठवणीत एकच आहे. वहिनींनाही मोजायला सांग, पण तुझा आकडा आधी सांगू नकोस.

ता. क. शेवटचा. फोटोत नाक दबलेलं मला दिसलं खरं, पण शाझलीनं सांगितल्यावर दिसलं. आमचे वडील, नाना, शेवटी शेवटी चहाचे दोन कप मांडायला लावायचे, दुसरा कुणाचा ते सांगत नसत. दुसऱ्या कपातला चहा तूच प्यायचास, म्हणजे तुला आठवत असेल. नदीला मी भीत नाही, भास्कर. नदीवर हज्जाकडे उपाय आहे. नानांचं जे झालं ते माझं सुरू झालं असेल, याची मला भीती वाटते.