डुलते बदक नेमके कोणाचे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सत्याहत्तर, धंदा लाकडी खेळणी कातण्याचा, गल्लीत भिंगरी या नावाने ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी परवा दिला. दाखल्याआधी त्यांनी मला शंभरातून सात सात वजा करायला लावले. मी थेट दोनपर्यंत खाली आले आणि मग त्यांनाही तेच करायला सांगितले. ते बहात्तरला अडकले. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. तो आणू शकेल असे माणूस या गल्लीत अजून जन्माला यायचे आहे.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. आत्ता करते आहे ते खरे तर कलम सहासाठी. माझ्यामागे हा कारखाना माझ्या सख्ख्या बहिणीने, म्हणजे धाकटीने, घ्यावा अशी माझी इच्छा आहे, आणि ती घेणार नाही अशी मला धास्ती आहे. एकतीस वर्षे आम्ही एकमेकींशी बोललेलो नाही. ती नाही म्हणाली तर बाबांचे लेथ मशीन भंगारात जाईल, कारण ते चालवता येणाऱ्या आम्ही दोघीच उरलो आहोत. बाकीची कलमे वकीलबाई म्हणाल्या म्हणून घातली. पण लिहायला बसल्यावर मलाच मजा यायला लागली, त्याला माझा इलाज नाही.

कलम एक. कारखान्याच्या वरच्या दोन खोल्या कारखान्याबरोबरच जातील. जिना आतून आहे, त्यामुळे त्या वेगळ्या काढता येत नाहीत. न्हाणीघराचे दार आधी वर उचलावे आणि मग ढकलावे. ज्याला हे जमणार नाही त्याने दुसरे घर बघावे.

कलम दोन. बँकेत जे काही आहे त्यातून मला पोहोचवण्याचा खर्च भागवावा आणि उरेल त्यातून छपराचे पत्रे बदलावेत. माझ्यावर भाषणे करू नयेत. अगदीच राहवले नाही तर उभ्याने करावीत, म्हणजे लवकर आटोपतील.

कलम तीन. दर्शनी भागातल्या काचेच्या कपाटात जी जुनी खेळणी आहेत ती कोपऱ्यावरच्या वाचनालयातल्या मुलांच्या खोलीला द्यावीत. अट एकच: कपाटाला कुलूप लावायचे नाही. खेळणी मोडली तर मोडली. न मोडलेले खेळणे म्हणजे त्याच्याशी कोणी खेळलेच नाही.

ही खेळणी आली कुठून, असे मुले हमखास विचारतील, म्हणून लिहून ठेवते. बाबा खुर्च्यांचे आणि पलंगांचे पाय कातत. पाय कातून झाला की टोकाला एक तुकडा उरायचा. त्याचा भोवरा व्हायचा. मोठा उरला तर बाहुली, अगदीच चिमुकला उरला तर सोंगटी. आम्ही विचारायचो, "बाबा, हे कुठून आलं?" ते म्हणायचे, "खुर्चीला नको होतं, म्हणून तुमच्याकडे आलं." त्यामुळे जगातल्या सगळ्या खुर्च्या आमच्या भोवऱ्यांसाठीच बनतात, असा माझा बरीच वर्षे समज होता. गाडीची चाके आईच्या शिवणयंत्रावरच्या रिकाम्या रिळांची आहेत. दोरा संपेपर्यंत आम्हाला धीर धरवायचा नाही. मग मी आणि धाकटी आपापल्या फ्रॉकची शिवण उसवायचो आणि तोंड पाडून आईपुढे उभ्या राहायचो. आईला सगळे कळायचे. ती दोन बोटांच्या उसवणीला हातभर दोरा वापरायची. खुळखुळ्यात वाळलेले वाटाणे आहेत. पत्र्याचे उंच डबे, ज्यांना दोरी बांधून त्यांच्यावर उभे राहून चालायचे, ते रंगवाल्याकडचे. धाकटी त्यांच्यावरून जिना उतरायची. मी अजूनही उतरू शकत नाही.

कलम चार. चुलतभावाला मी काहीही देत नाही. उलट त्याच्याकडून एक निळी काचेची गोटी येणे आहे. मी नऊ वर्षांची असताना त्याने "हरलीस" म्हणून ती खिशात घातली, पण नेम धरताना त्याचा अंगठा रेषेच्या पुढे होता. पुढे तो न्यायाधीश झाला. मी त्याचा एकही निकाल मानलेला नाही. गोटी मुळात माझी नव्हती, धाकटीची होती. मी ती तिला न विचारता खेळायला नेली होती. तेव्हा ती आली तर तिच्याच हातात द्यावी.

कलम पाच. शेजारच्या कुलुपवाल्याला काही द्यायची फार इच्छा होती, पण तो या कागदावर साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला काही दिले तर ते रद्द होते, असे वकीलबाई म्हणतात. हे त्याला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "मग मी सही कशासाठी करायची?" मी म्हटले, "वीस वर्षं माझी शिडी वापरतोयस, त्यासाठी." शिडी मी जिवंतपणीच त्याला देऊन टाकते आहे. त्याने ती तशी केव्हाच घेतलेली आहे.

त्याचे दुसरेही एक ऋण आहे आणि तेही इथे कबूल करते. धाकटी ज्या शाळेत हस्तकला शिकवायची तिथली कुलुपे हाच दुरुस्त करतो. एकतीस वर्षे तिची खबर मला त्याच्याकडून मिळत आली. मी विचारायचे, "शाळेत काय नवीन?" आणि तो आधी मुख्याध्यापकांचे, मग शिपायाचे आणि मग सहज आठवल्यासारखे तिचे सांगायचा. मोतीबिंदू काढला, निवृत्त झाली, चालणे कमी केलेले नाही. या सोमवारी अकरा वाजता सह्या आहेत, तेव्हा येऊन कलम सहा स्वतः वाच, असा निरोप मी त्याच्याच हाती धाडला आहे. ती येईलच असे नाही.

कलम सहा. लेथ, पटाश्या, गिरमिट, करवती, माळ्यावरचे लाकूड, रंगाचे डबे आणि गिऱ्हाइकांची वही यांसह पूर्ण कारखाना धाकटीला द्यावा. कारण पुढीलप्रमाणे.

लाकूड लेथवर धरायचे तर त्याच्या दोन्ही टोकांना बरोबर मध्यावर खूण करतात. पण वाकड्या पावलाच्या खुर्चीचा पाय दोनदा धरावा लागतो, एकदा मधल्या खुणेवर आणि पाऊल कातताना जरा बाजूच्या खुणेवर. म्हणून अशा पायाच्या टोकाला दोन खुणा असतात. बाबा गेले तेव्हा माळ्यावर अशा अर्धवट पायांची मोळीच राहिली होती. त्यातून आम्ही खेळण्यांची चाके काढायचो. टोकाकडून गिरमिटाने चार बोटे खोल भोक पाडायचे आणि मग करवतीने चकत्या कापायच्या. कातायचे काम माझे, भोके धाकटीची.

एका सकाळी डझनभर बदके तयार झाली आणि पाहते तर सगळ्यांची चाके लंगडी. धाकटीने चुकून बाजूची खूण धरली होती. अशी चूक लेथवर वाढलेल्या माणसाच्याच हातून होते, दुसऱ्याला ती दुसरी खूण दिसतच नाही. मी तिला वाट्टेल ते बोलले. डोळे फुटले का, असेही बोलले. बदके शेगडीत घालायला निघाले तेव्हा तिने त्यातले एक उचलले, दोरी बांधली आणि फरशीवरून ओढले. ते असे काही डुलत चालले, शेपटी इकडून तिकडे, की माझा रागच पळाला. माल न्यायला आलेला दुकानदार हसता हसता पोत्यावर बसला आणि तिथूनच त्याने आणखी दहा डझन मागितली.

त्याच वर्षी खेळण्यांच्या प्रदर्शनात बदकाला पहिले बक्षीस मिळाले. परीक्षकांनी व्यासपीठावर विचारले, "कल्पना कोणाची?" धाकटी माझ्या शेजारी बदकांची पेटी घेऊन उभी होती. मी म्हटले, "माझी." का म्हटले, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारले आहे. टाळ्या वाजत होत्या आणि त्या मला हव्या होत्या, याहून बरे उत्तर सापडलेले नाही. दुसऱ्या दिवसापासून ती कामाला आली नाही. मीही बोलवायला गेले नाही. गेले असते तर खरे बोलावे लागले असते.

म्हणून इथे लिहून देते. चूक तिची असली तरी तिचे सोने करणारी नजरही तिचीच. त्यात माझे काहीही नव्हते. मला त्याची लाज वाटते आणि धाकटीची आठवण येते. तिने कारखाना नाकारला तर खुशाल भंगारवाल्याला बोलवावे, फक्त त्या दिवशी लेथवर एक चादर टाकावी.

मृत्युपत्र इथे संपायचे होते. पुढचे पान सोमवारी सकाळी लिहिले आहे.

धाकटी अकराला दहा कमी असतानाच आली. तिने आधी लेथकडे पाहिले, मग कुलुपवाल्याबरोबर साक्षीला आलेल्या डॉक्टरांकडे, मग माझ्याकडे. "ताई, चष्मा दे. माझा घरी राहिला," एवढेच म्हणाली. तिने सगळी कलमे वाचली. गोटीच्या ठिकाणी हसली. कलम सहा दोनदा वाचले आणि कागद टेबलावर ठेवला.

"हे खोटं आहे," ती म्हणाली.

मी म्हटले, "आता आणखी काय कबूल करू? मीच घेतलं ना श्रेय?"

"ते बरोबर लिहिलंयस. पण चूक कसली? मला दोन्ही खुणा चांगल्या दिसत होत्या. बाबा पाऊल कातायला दुसऱ्या खुणेवर धरायचे तेव्हा लाकूड कसं डुलत फिरायचं, ते मी लहानपणापासून बघत होते. म्हटलं, चाकाला करून बघू."

"मुद्दाम केलंस?"

"बाराच्या बारा चुकून होतात का?"

कुलुपवाला हळूच म्हणाला, "हे मलाही सुचायला हवं होतं."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?" मी विचारले.

"तू ओरडत होतीस. मग हसत होतीस. मग बक्षीस घेत होतीस. मधे मला जागा कुठे होती?"

एकतीस वर्षे मी तिचे श्रेय घेऊन बसले होते, आणि परत करायला निघाले तेही अर्धेच. मला रडू आले आणि ते मी थांबवले नाही. डॉक्टरांनी नाडी बघितली. मी त्यांना हात झटकून सांगितले की मला काही झालेले नाही, मला फार बरे वाटते आहे.

"कारखाना घेशील का?" मी विचारले.

"आधी हे नीट कर. मग बघू."

त्यानुसार दुरुस्ती केली, ती अशी. कलम सहामधली, धाकटीची चूक झाली असे सांगणारी तीन वाक्ये वाचता येतील अशी एका रेघेने खोडली असून त्यांच्या जागी "हे तिने विचार करून केले" असे लिहिले आहे. खोडाखोड माझ्याच हातची आहे, पूर्ण शुद्धीवर असताना केलेली आहे, आणि डॉक्टर म्हणतात तशी नाडी थोडी जलद होती.

दुरुस्त केलेले कलम मी मोठ्याने वाचून दाखवले. धाकटी म्हणाली, "तू मरायची वाट बघायला मला सवड नाही. उद्या नऊला येते. गिरमिटाला धार लावून ठेव."

स्थळ: कारखाना, खिडकीजवळचे टेबल.
वार सोमवार, तारीख अठरा, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटे.

मृत्युपत्र करणारी: भिंगरी

साक्षीदार पहिले: डॉक्टर, समोरचा दवाखाना
साक्षीदार दुसरे: कुलुपवाला, शेजारी

दुरुस्ती बरोबर आहे एवढ्यापुरती सही, साक्षीदार म्हणून नव्हे: धाकटी, बदक जिची कल्पना ती