गळ्यातल्या डबीनं केलेला घोटाळा

आर्णी, दि. १२ डिसेंबर २०१७

आदरणीय प्रफुल्लदादा यास,

सप्रेम जय भीम. तुझी तब्येत कशी आहे? आईच्या गुडघ्याला म्हणून वहिनीनं पाठवलेलं तेल आई केसांना लावते. गुडघा तसाच आहे, केस सुधारले. हे सारं फोनवरच सांगणार होते, पण मी फोन उचलला की आमच्या शिवण केंद्रातल्या आठही मशिनी एकदम थांबतात.

यंदा बोंडअळीनं वेचायला कापूसच ठेवला नाही, म्हणून एरवी या दिवसांत वेचणीला जाणाऱ्या आमच्या बाया केंद्रातच शाळेचे गणवेश शिवत राहिल्या. एक हॉल, कापड बेतायला एकच टेबल, आठ बाया अन् देखरेखीला मी. अशात पुण्याला शिकणारा सलील नावाचा मुलगा आला. एका जागी बसणारी माणसं मिळून काम कशी करतात, हा त्याचा अभ्यास. त्यानं प्रत्येकीच्या (माझ्यासुद्धा) गळ्यात आगपेटीएवढी डबी अडकवली. कोण कोणाजवळ किती वेळ होतं अन् किती बोललं, हे डबीतल्या सेन्सरला कळते. काय बोललं ते कळत नाही. (हे त्यानं तीनदा सांगितलं. तरी लालीबाई सासूचा विषय निघाला की डबी पदरात गुंडाळायची.) त्याचा अहवाल पाहून एक संस्था आम्हाला चार नव्या मशिनी देणार होती. म्हणून मी सगळ्यांना गोडीनं वागायला बजावलं.

धास्ती होती ती रुखमाबाई अन् जमनाबाईची. चाळीस गणवेशांच्या कॉलरी उलट्या लागल्यापासून (कोणामुळे ते लिहीत नाही, पत्र कोणाच्याही हाती पडते) तीन वर्षं दोघींचा अबोला. टेबल मात्र एकच. मग एक छताला सांगते, "ज्याले कैची पाह्यजे त्यानं मागावी." दुसरी खिडकीला सांगते, "ज्यानं दडवली त्यानं द्यावी." असं दिवसभर.

पंधरा दिवसांनी सलीलनं भिंतीवर नकाशा लावला. प्रत्येक बाईचा एक गोल, मधे रेघा. जितका मेळ तितकी जाड रेघ. सर्वांत जाड रेघ या दोघींमध्ये. सलील हात जोडून म्हणाला, "इतका समजूतदार संवाद मी कुठंच पाहिला नाही. एक बोलते तेव्हा दुसरी ऐकते."

रुखमाबाई थेट जमनाबाईकडे वळली. "ह्या पोराची डबी बिघडली वाटते."

"मलेबी तसंच वाटून राह्यलं," जमनाबाई म्हणाली.

मग दोघींनी सलीलला टेबलापाशी बसवून, आपलं कसं मुळीच पटत नाही, हे तासभर समजावलं. एक विसरली की दुसरी आठवण करून द्यायची. माझे डोळे भरून आले. सुई टोचली असं मी सांगितलं. मशिनी मंजूर झाल्या. आता दोघी समोरासमोर भांडतात, अन् ऐकायला बरं वाटते.

वहिनीला जय भीम, लेकरांना आशीर्वाद.

तुझी बहीण,
दीपमाला

ता.क. अहवालाचं शेवटचं पान मी काल वाचलं. त्यात लिहिलं आहे की माझी डबी हॉलाबाहेर असली की गणवेश दीडपट निघतात.

ता.क. २. बायांनी एकमतानं मला महिनाभर सुट्टी दिली आहे. ठराव जमनाबाईनं मांडला, अनुमोदन रुखमाबाईनं दिलं. शनिवारच्या बसनं पुसदला येते, वरची खोली झाडून ठेव. आईनं माझी पिशवी मी न सांगताच भरली.