पाणी काचेच्या आत आहे

२१ डिसेंबर, शनिवार

सगळ्यात आधी कोण टपकलं, तर शेजारची शकु. पाहुणे माझे, गाडी नागपूरची, आणि ही सकाळी सातलाच आमच्या ओट्यावर हजर. हातात रिकामी वाटी. साखर पाहिजे म्हणे. मी म्हटलं, शकु, काल नेलीस ना गं? तर म्हणते, संपली काकू. एका रात्रीत! मुंग्या पाळल्या का हिने? मला माहीत आहे ती काहून आली. तिला पाहायचं होतं, माझा धाकटा शैलेंद्र दारात येतो की नाही.

नाही आला. सून क्षमा आणि नात संपदा, दोघीच ऑटोने आल्या. शैलेंद्र स्टेशनजवळच्या लॉजवर उतरला. क्षमा म्हणाली, आई, ते म्हणतात, ज्या घरात दादा, त्या घरात मी पाय ठेवणार नाही. दादा म्हणजे माझा थोरला, रत्नाकर. शकु तिकडून अच्छा, अच्छा करून ऐकून राहिली. मी तिला साखर दिली आणि दार लावलं. तिची बोटं दारात होती हे मला दिसलं नाही. केवढी ओरडली बाप्पा.

संपदा नऊची झाली. आल्या आल्या माझ्या पोटात एक गुद्दा घातला. कराटे शिकते. श्वासच अडकला माझा. काय ताकद पोरीची! माझ्यावर गेली.

ही डायरी बीपीच्या डॉक्टरीणबाईंनी लिहायला सांगितली आहे. म्हणाल्या, राग आला की बोलू नका, लिहून काढा. आता मला राग येतच नाही तर लिहू काय? चौथीपर्यंत शिकले, पण अक्षर चांगलं आहे. डायरी कोरी ठेवली तर वाया जाईल, म्हणून बाकीचं लिहिते.

२२ डिसेंबर, रविवार

दोघा भावांचं मुळात काही भांडण नाहीच. शकु सगळ्या दीक्षितपुरा मोहल्ल्यात सांगत फिरते तसं काही झालेलं नाही. झालं एवढंच की चार वर्षांपूर्वी यांच्या अस्थी घेऊन आम्ही नर्मदेवर ग्वारीघाटला गेलो. नावेत बसलो. रत्नाकर म्हणाला मी मोठा, मी सोडणार. शैलेंद्र म्हणाला शेवटी दवाखान्यात मी होतो, मी सोडणार. कलश एक, हात चार. मग शैलेंद्र पाण्यात. रत्नाकर म्हणतो तो पडला. शैलेंद्र म्हणतो दादाने ढकललं. मी म्हणते घसरला. नावाड्याने बांबूने ओढून काढला, तो बांबू कपाळाला लागला, टाके पडले. शैलेंद्रने वर येताच वल्हं उचललं आणि रत्नाकरचा दात गेला. तो दात तसाही हलतच होता.

तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. मला एकच पाहिजे. माझ्या देखत दोघांनी एकदा एका पंगतीला बसून जेवावं. मग डोळे मिटले तरी चालतील. म्हणजे मिटायचे नाहीत, पण चालतील.

आणि मला उपाय सापडला. शहपुऱ्याच्या रोडवर मोठं मछलीघर उघडलं आहे. रत्नाकरच्या बायकोने, हेमलताने मोबाइलवर दाखवलं. काचेचा बोगदा, वर पाणी, खाली माणसं. पाण्यावर बिघडलं ते पाण्यापाशीच जुळवायचं. आणि मुख्य गोष्ट म्हणजे पाणी काचेच्या आत आहे. कोणी कोणाला ढकलू शकत नाही. डोकं लागतं याला.

रत्नाकर म्हणाला, मी येणार नाही. मी शांतपणे समजावलं. लाटणं फेकलं ते त्याच्यावर नाही, भिंतीवर. तो मधे आला.

ठरवलं: आजपासून कोणावर आवाज चढवणार नाही.

२३ डिसेंबर, सोमवार

रत्नाकर तयार झाला. त्याला सांगितलं, शैलेंद्र येणार नाही, फक्त क्षमा आणि पोरगी आहेत, कोणी पुरुषमाणूस नको का सोबत? शैलेंद्रला फोन केला, रत्नाकरला फॅक्टरीतून सुट्टी नाही, तू ये. यात खोटं काही नाही. दोघांना अर्धं अर्धं सांगितलं, दोन अर्धे मिळून एक खरं होतं.

सकाळी कणीक मळायला काढली. ग्वारीघाटला आपण मासोळ्यांना कणकेच्या गोळ्या टाकतो, नर्मदामाईच्या मासोळ्या हातातून नेतात. मछलीघरातल्या बिचाऱ्यांना कोण टाकत असेल? माझा विचार असा की एका डब्यातून दोघा भावांनी गोळ्या टाकायच्या. एकाचा हात डब्यात, मग दुसऱ्याचा. हात लागले की मन लागतं.

हेमलता म्हणाली, आई, तिथे काही टाकू देत नाहीत. क्षमा म्हणाली, टाकू देतात, तुम्हाला काय माहीत, तुम्ही कुठे बाहेर जाता. हेमलता म्हणाली, बाहेर जायला नवरा लॉजवर ठेवावा लागतो का? मग परात. एक इकडून ओढून राहिली, एक तिकडून. क्षमाने सोडली. परात हेमलताच्या कपाळाला. हेमलताने कणकेचा गोळा उचलून क्षमाच्या केसांत असा रगडला की संध्याकाळी कात्रीच लावावी लागली. संपदा टाळ्या वाजवून मोठ्या काकूला म्हणाली, ताईजी जीत गईं.

मी मधे पडले नाही. दोघी जावा मिळून स्वयंपाकघरात काम करून राहिल्या, हे चार वर्षांत पहिल्यांदाच. उरलेल्या कणकेच्या गोळ्या केल्या. डबा पितळेचा घेतला, वजनदार. प्लास्टिकमध्ये पुण्य नाही.

२४ डिसेंबर, मंगळवार, सकाळी

निघतो आहोत. हेमलताच्या कपाळावर हळद, क्षमाच्या डोक्यावर ओढणी. दोघी छान दिसतात. नवं लुगडं नेसले. सगळं माझ्या हातात आहे.

२४ डिसेंबर, संध्याकाळी

हात दुखतो आहे, तरी लिहिते. नाहीतर शकु आपल्या मनाने सांगेल.

मछलीघर फार सुंदर. काय काय मासोळ्या! एक ताटासारखी चपटी, तिला शेपटीला काटा, लागला की माणूस गेला म्हणे. एक अंगावर काटे फुगवते. एकीने आमच्यासमोर दुसरी गिळली, शेपूट तोंडाबाहेर हलून राहिली, आणि डोळ्याची पापणी नाही हलली. मासोळीला पापणी नसते, ते वेगळं. दुपारी पिऱ्हानांना कोंबडी टाकतात, तो खेळ पाहिला. पाणी लाल. संपदा काचेला नाक लावून ओरडली, दादी, हड्डी भी नहीं छोड़ी! सगळे आमच्याकडे पाहायला लागले. मला फार अभिमान वाटला.

शैलेंद्र लॉजवरून परस्पर आत येऊन आम्हाला मिळाला होता. रत्नाकरला मी मागे तिकिटाच्या लांब रांगेत अडकवलं होतं, एक तिकीट कमी काढून. गाठ बोगद्यात पडावी असा बेत. वर मासोळ्या पोहून राहिल्या, निळा उजेड, मन आपोआप शांत होतं. पण शैलेंद्र भराभर चालतो. बोगदा संपला तरी रत्नाकर नाही. बाहेर आलो तर समोर उघडं टाकं.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कमरेएवढी भिंत, वर काच नाही, आत लाल-पिवळ्या मासोळ्या. आणि तेवढ्यात बोगद्यातून रत्नाकर.

दोघं एकमेकांकडे पाहत उभे राहिले. मी पटकन डबा उघडला. म्हटलं, बाळांनो, दोघं मिळून टाका. रत्नाकरने हात घातला, चांगली मूठभर घेतली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शैलेंद्र म्हणाला, दादा, लिहिलेलं वाचता येत नाही का? कुछ न डालें. रत्नाकर म्हणाला, तू मला शिकवू नको, पाण्यात पडणाऱ्याने. शैलेंद्र म्हणाला, पडलो? पुन्हा म्हण. रत्नाकरने पुन्हा म्हटलं.

मग रत्नाकर टाक्यात. घसरला. पण जाता जाता त्याने शैलेंद्रची कॉलर धरली होती, म्हणून तोही. पाणी गुडघ्याएवढंच. रत्नाकर त्याच्या छातीवर बसला, शैलेंद्रने त्याच्या कानाचा चावा घेतला, एक मासोळी उडून एका बाईच्या पर्समध्ये पडली. काठावर हेमलताने क्षमाची ओढणी धरली, क्षमाने हेमलताची वेणी. संपदा मधोमध उभी राहून मार, पापा, मार म्हणून राहिली. गणवेशातला एक गार्ड शिट्टी फुंकत आला, विक्की त्याचं नाव, कोवळा पोरगा. तिने त्याच्या पोटात गुद्दा घातला. शिट्टी गिळायचाच राहिला.

मला काय वाटलं सांगू? लहानपणी दोघं घाटावर असेच पाण्यात लोळायचे. चार वर्षांनी माझी पोरं एका पाण्यात होती. दोघांच्या अंगाला कणकेच्या गोळ्या चिकटल्या होत्या आणि मासोळ्या त्या टिपून राहिल्या होत्या. कोण कोणाचं, मासोळ्यांना काही फरक नव्हता.

विक्की माझा डबा ओढायला लागला. म्हणाला, अम्मा, ये सब आपकी वजह से हुआ. मी त्याला डबा दिला. जरा वरून दिला. तो खालीच बसला. मी कोणावर हात उचलत नाही. आधी विचारलं होतं, बेटा, चाहिए क्या?

पोलिसांच्या एकाच गाडीत दोघा भावांना शेजारी शेजारी बसवून नेलं. ठाण्यात चहा-समोसा मिळाला. दोघांनी एकाच कागदावरून खाल्ला. याला पंगत म्हणता येईल का, विचार करून राहिले आहे.

२५ डिसेंबर, बुधवार

रात्री सोडलं त्यांना. रत्नाकरच्या कानाला टाके. शैलेंद्रचा डोळा सुजून मिटला. पुन्हा लॉजवर गेला. हेमलता माझ्याशी बोलत नाही, क्षमा हेमलताशी बोलत नाही, म्हणजे घरात शांतता आहे.

चूक त्या उघड्या टाक्याची. झाकायला नको?

शकु आली. बोटांना पट्टी. विचारते, जुळलं का काकू? मी म्हटलं, जवळजवळ. साखर नाही दिली.

२६ डिसेंबर, गुरुवार

पाहुणे गेले. शैलेंद्र घ्यायला आला पण ऑटोतून उतरला नाही. मी डब्यात गुळपोळ्या भरून नेल्या. म्हटलं, आत ये रे, पाच मिनिटं. म्हणाला, आई, तू खोटं बोलून नेलंस मला. त्याचा तो डोळा पाहवेना. म्हटलं, खरं सांगितलं असतं तर आला असता? म्हणाला, नाही. म्हटलं, मग? त्याने संपदाची बॅग आत ओढली. पोळ्या घेतल्या नाहीत. मांडीवर ठेवल्या तर त्याने उचलून सीटवर ठेवल्या. रत्नाकर माडीवरून खाली आला नाही. खिडकीत उभा होता, मला पडदा हलताना दिसला.

मी तिथेच रस्त्यात उभी राहिले. म्हटलं, संपलं.

तेवढ्यात मोटरसायकलवर हवालदार आला. शांतिभंगाची नोटीस, म्हणे तहसीलच्या कोर्टात हजर व्हा, सहा महिने एकमेकांच्या अंगाला हात लावणार नाही असं लिहून द्या. ते तर मी या दोघांना दुधाचे दात होते तेव्हापासून सांगते. रत्नाकरला खाली यावंच लागलं. सही ऑटोच्या सीटवर कागद ठेवून केली. हवालदाराचं पेन चालेना, शैलेंद्रने खिशातलं काढून दिलं. रत्नाकरने घेतलं. परत दिलं. एकमेकांकडे पाहिलं नाही.

हवालदाराने विचारलं, वसुधाबाई कौन हैं? मी म्हटलं, मैं. म्हणाला, अम्माजी, पहला नाम तो आपका है, गार्ड को छह टाँके आए हैं. संपदा म्हणाली, वाह दादी! दोन्ही पोरांनी मान खाली घातली. तेवढं मात्र दोघांनी बरोबर एका वेळी केलं.

मी शैलेंद्रला विचारलं, तू येशील ना रे? म्हणाला, यावंच लागेल, नाहीतर वॉरंट निघेल. रत्नाकरला विचारलं. तोही म्हणाला, यावंच लागेल. चार वर्षं हात जोडले तेव्हा असं कोणी म्हटलं नव्हतं.

हवालदाराने सांगितलं, आवाज दिला की तिघं एका रांगेत उभे राहायचं, आपलं नाव पहिलं म्हणून आपण आधी. मी म्हटलं, भैया, मला मधे उभं करा.

कोर्टाची तारीख ९ जानेवारी, गुरुवार, सकाळी अकरा. दोघंही येणार.