नेम उजवीकडे जातो

९ ऑक्टोबर, गुरुवार

आणि वर इव्हन म्हणे, मी चाप हळू न ओढता झटकतो! आजही तेच. शंभर यार्डांवर पाच गोळ्या मारल्या — पहिलीच उजवीकडे, मग एकेक आणखी सरकत गेली. मी म्हटलं, रायफलीत दोष आहे. इव्हन म्हातारा इस्टेटीचा शिकारी, मी त्याचा शिकाऊ; तो म्हणतो, ही रायफल तुझ्या जन्माआधीपासून माझ्याकडे आहे. 

१० ऑक्टोबर

सगळे स्क्रू आवळले. चिंधी पांढरी निघेपर्यंत नळी साफ केली. सायलेन्सर काढून मारलं. दुसऱ्या खोक्यातल्या गोळ्या आणल्या. काही फरक नाही. लायसन्स इव्हनचं, तो शेजारी नसेल तर मी हात लावायचा नाही. तो चहा पीत बसतो, मी येरझाऱ्या घालतो. आधीच्या नोकरीत, स्लाऊच्या वेअरहाऊसमध्ये, निदान भांडायला चार माणसं होती. इथे एक म्हातारा, बाकी डोंगर आणि हरणं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

वाईट झालं. आज इव्हननं स्वतः नेम धरला. मोठा नर हरीण, दोनशे यार्डांवर, तोंड डावीकडे, आडवा उभा. गोळी पोटात. दिवसभर ओढ्याकाठानं रक्त शोधत फिरलो. सापडला तेव्हा जिवंत होता. इव्हननंच संपवला आणि तिथेच चिखलात बसला.

वाटलं, आता तरी मानेल. तर म्हणाला, "रायफल नाही, सॅम. माझे डोळे." वादात जिंकायचं होतं मला, पण असं नाही.

१४ ऑक्टोबर

इस्टेटच्या मॅनेजर हेलनबाई आल्या. मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, इव्हनचं वय झालं, जनावर जखमी करून सोडणं इथे चालणार नाही. तू शिकाऱ्याची परीक्षा पास हो, तुझ्या लायसन्सचं बघू. नव्या वर्षापासून त्याची जागा तुला. कॉटेजसकट.

मी हो म्हटलं. फार पटकन म्हटलं.

आईला फोन केला.  म्हणाली, "समर, पक्कं आहे ना? हेही सोडून येणार नाहीस ना?" बार्शीची शाळा सातवीत सुटली, स्लाऊची त्यानंतर, पुढे दोन नोकऱ्या. विचारणारच ती.

१६ ऑक्टोबर

डोळ्यांना सोपं जावं म्हणून इव्हननं पदरचे पैसे घालून रायफलीवर नवी दुर्बीण बसवली. तरी त्याच्या गोळ्या उजवीकडेच!  

१८ ऑक्टोबर, शनिवार

रायफल टेबलावर होती. इव्हन दारातच फोनवर बोलत उभा. मी वर्तमानपत्राची पट्टी फाडली आणि नळी नि दस्ता यांच्या फटीतून सरकवत गेलो. तिथे नळीला काही टेकता कामा नये, टेकलं की नेम ढळतो. लाकडी दस्ता ओलीनं फुगतो. हा प्लॅस्टिकचा, म्हणून आम्ही तिथे बघितलंच नव्हतं. पट्टी पुढे जाऊन अडकली. ओढली, हलवली — पिवळा दाणा निघाला. तांदूळ. पावसात फुगून पाचरीसारखा बसलेला.

अक्षता! खंडेनवमीला मीच वाहिल्या. या हत्यारावर आपलं पोट, मग पूजा नको? इव्हननं विचारलं होतं, हे काय. सांगितलं तर टोपी काढून उभा राहिला होता.

दाणा खिशात टाकला. बाहेर जाऊन त्याच्यासमोर पाच मारल्या — सगळ्या एका नाण्याखाली झाकतील अशा. म्हटलं, आता तुम्ही मारा. नको म्हणाला. निशाण्याचा कागद हातात धरून उभा राहिला. म्हणाला, "चाप झटकायचं सोडलंस. म्हणजे दोष माझाच." आणि माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं.

मी करू दिलं.

१९ ऑक्टोबर

गप्प राहिलो तर घर. पगार. आई मान ताठ करून सांगेल मावशीला. आणि खोटं कुठे बोलतोय मी? त्याचं वय झालंच आहे. कधी ना कधी डोळे जाणारच होते.

इव्हन शेडमधलं आपलं सामान खोक्यात भरतोय. मदतीला बोलावलं. गेलो नाही, पाय दुखतोय म्हटलं.

२० ऑक्टोबर

सांगितलं. दोघांसमोर. दाणा टेबलावर ठेवला. हेलनबाईंना कळेचना, तांदूळ इथे कशाला — पूजा समजावताना माझं इंग्लिश संपलं. इव्हन रायफल घेऊन बाहेर गेला. पाच आवाज ऐकले. परत आला, कागद बाईंपुढे ठेवला. मधोमध. पाचही.

मग माझ्याकडे वळला. म्हणाला, "आणि शनिवारीच सापडला होता हा?"

हो म्हटलं.

"मी खोकी भरत होतो, सॅम."

२३ ऑक्टोबर, भाऊबीज. इन्व्हरनेस स्टेशन

इव्हनची जागा राहिली. माझी गेली. गाडीनं त्यानंच आणून सोडलं. दुर्बिणीचे पैसे माझ्या सीटवर ठेवून उतरलो. आईला अजून सांगितलं नाही. तनूताईला ओवाळणी पाठवतोय — पंधरा पौंड.