फुईच्या चिंधीतले दाणे

चैत्र वद्य चतुर्थी

प्रिय झिपरू,

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस. तिने विचारलंच तर सांग, अक्का बरी आहे, कैरीच्या लोणच्याला मोहरी किती घालायची एवढंच विचारते आहे. तू मास्तर झालास, पण खोटं बोलताना अजून नाक खाजवत असशील, तेव्हा हात उपरण्यात ठेवून बोल. पत्र टपालात टाकलं नाही, कारण आमच्या गावचं टपाल आधी पाटलाच्या ओट्यावर जातं. रतिलाल लुगडी विकायला इकडे आला आहे, उद्या तो धरणगावला परतेल, त्याच्या गाठोड्यात घालून देते. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. लागेल तसं लावून वाच. झिपरू, मी फार घाबरले आहे.

इथे होळीपासून लेकरं दगावताहेत. आधी तेल्याच्या घरचं गेलं, मग शेजारच्या कमलबाईची मुलगी गेली, आणि मागच्या आठवड्यात झुलाल पाटलाचा नातू गेला. अंगावर पुरळ, ताप, मग छातीत घरघर. आमच्या यांचं म्हणणं, हा गोवर आहे, उन्हाळ्यात येतोच. पण गरिबाचं लेकरू गेलं की गोवर असतो आणि पाटलाचं गेलं की करणी असते. पाटलाने लोटन भगताला आणवलं. त्याने अंगारा दिला नाही, कोंबडं मागितलं नाही. पारावर बसून सगळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाला, "गावमां डाकीण शे. दाना बोलतीन."

दाणे कसे बोलणार ते ऐक. घरटी एक मूठ दादर ज्वारी, आपल्याच कणगीतली, मारुतीची आण घेऊन, चिंधीत बांधून द्यायची. त्या साऱ्या चिंध्या मारुतीपुढच्या निंबाला टांगल्या आहेत. अवसेला भगत एकेक चिंधी पाण्याने भरलेल्या काठवटीत सोडणार. ज्या घरचे दाणे तळाला बसतील ते घर सुटलं, ज्या घरचे तरंगतील त्या घरात डाकीण. वर पाटलाने पुस्ती जोडली, की जो आपले दाणे देऊन दुसऱ्याला वाचवील तोही तिच्याच जोडीचा. गेल्या साली नदीपलीकडच्या गावात एक बाई अशीच निघाली होती. ती पळाली, तिला नदीच्या वाळूत गाठलं. पुढचं मी लिहीत नाही.

ताईबाई फुई तुला आठवत असेल. यांची आत्या. माझ्या लग्नात तुला सांज्याच्या पोळ्या चोरताना धरलं आणि वर आणखी दोन हातावर ठेवल्या, तीच. नवरा कसा दिसतो हे कळायच्या आत ती विधवा झाली आणि बापाच्या घरी परत आली. आमच्या मागच्या अंगणात तिची खोली, चूल वेगळी, म्हणून चिंधीही वेगळी. वाटणीत तिचा दाणागोटा थोरल्या दिरांकडे आला, आणि ते तिला कणगीच्या तळाचं, जुनं, सोंडे पडलेलं धान्य घालतात. ती पाखडते, चाळते, खाते, तक्रार करत नाही. साऱ्या गावाला हे माहीत आहे. आता तूच सांग, किड्यांनी आतून पोखरलेला दाणा पाण्यात बुडेल कसा?

आणि फुईचं नाव लोकांच्या ओठांवर आधीपासूनच आहे, ते आखाजीला, अक्षय तृतीयेला, पुजतात त्या घागरीमुळे. आपल्याकडेही घागरीखाली चार ढेकळं ठेवतात, आषाढ, श्रावण, भादवा, आश्विन. ज्या महिन्याचं ढेकूळ भिजेल त्या महिन्यात पाऊस. इथे ती ढेकळं फुई बघते. गेल्या आखाजीला तिने सांगितलं, भादवा कोरडा जाईल. तो गेला. तेव्हा सारे तिच्या पाया पडले, आणि मग हळूच कोणीतरी विचारलं, हिला आधी कळतं कसं? त्यात पाटलाच्या नातवाची टाळू खोल गेलेली बघून ती पाटलीणबाईंना म्हणून गेली, "पोऱ्यानी टायू खोल गई, धुयाले लई जा." त्यांनी त्याला धुळ्याला नेलं नाही. पोरगा गेला. आता लोक म्हणतात, ती बोलली म्हणून गेला. मला तर वाटतं, त्या दिवशी फुईची जीभ टाळूला चिकटली असती तर बरं झालं असतं.

धरणगावच्या बाजारातला पोपटवाला आठवतो? आपण आबांच्या मागे लागून चित्रं काढवली होती. तुझ्यासाठी पोपटाने हत्तीवरचा राजा काढला आणि माझ्यासाठी नुसती होडी. राजा झालास म्हणून दिवसभर मला पाणी आणायला लावलंस. मग मी दुसऱ्या बाजाराला खांबाआड उभी राहून टक लावून बघितलं आणि ओळखलं, की तो माणूस बोटांत बाजरीचा दाणा धरून जिकडे दाखवतो तिकडेच पोपट चोच मारतो. घरी येऊन नक्कल करून दाखवली, तेव्हा आबा किती हसले होते. तुझ्या नावावरूनही मी कमी चिडवलं नाही. दोन भाऊ गेले म्हणून सटवीने ढुंकून बघू नये असं नाव तुला ठेवलं, आणि मी म्हणायचे, सटवी नावाला नाही, याच्या तोंडाला घाबरली म्हणून हा जगला. अशी मी. भगत, जोशी, पोपट, सगळ्यांना हसणारी.

तरी भीती जात नाही. तुला म्हणून सांगते. परवा माझ्या बेबाचं अंग तापलं. फुई तिला मांडीवर घेऊन थोपटत बसली होती. मी विहिरीवरून आले, ते बघितलं, आणि घागर तशीच टाकून धावले नि पोर तिच्या मांडीवरून ओढून घेतली. क्षणभर माझ्याही मनात तेच आलं. फुईने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि ती सांडलेलं पाणी पुसायला लागली. बेबाचा ताप दुसऱ्या दिवशी उतरला. पण जिने पोपटाची लबाडी पकडली तिचं असं होतं, तर या गावाचं काय होईल?

चिंध्या गोळा व्हायच्या सकाळी मी फुईची चिंधी सोडली, तिची सोंड्यांची ज्वारी कोंबड्यांपुढे टाकली आणि आमच्या कणगीतली मूठभर नवी दादर बांधली. फुईला यातलं काही ठाऊक नव्हतं, तिने मारुतीपुढे खऱ्या मनाने आण घेतली. पाप असेल तर ते माझं. मला वाटलं, सुटलो. संध्याकाळी हे शेतातून आले. फुईच्या उंबऱ्याशी चार दाणे सांडले होते, ते यांनी उचलून तळहातावर घेतले आणि माझ्याकडे बघतच राहिले. मी कापसाच्या गावची, मला दादर ती दादर. पण आमच्या नदीकाठच्या शेतातला दाणा टपोरा आणि टोकाशी तांबूस असतो, तसा गावात दुसऱ्या कोणाच्या शेतात येत नाही. इथे एखाद्याचं पोर कोणाचं हे विचारतील, पण दाणा कोणाचा हे विचारत नाहीत. काठवटीत फुईची चिंधी सुटली की तिचे दाणे बुडोत नाहीतर तरंगोत, पारावरचा प्रत्येक माणूस म्हणणार, हे हिचे नव्हेत. मी तिला वाचवायला गेले आणि तिच्या गळ्यातला फास घट्ट करून आले. चिंधी परत काढावी म्हटलं तर निंबाखाली पाटलाची माणसं बसून आहेत.

हे शिंदखेड्याला जाऊन जमादाराला भेटले. तो म्हणाला, गुन्हा झाला की या, होणार आहे म्हणून सरकार येत नसतं. मी वाट बघत होते, आता हे माझ्यावर ओरडतील. जेवताना मान खाली घालून एवढंच विचारलं, "आखाजीले तुना भाऊ येई ना?" आणि बैलांना चारा टाकायला उठून गेले. मला काय ते कळलं. मी तशीच उठून फुईकडे गेले, सगळं सांगितलं, दाण्यांचंही सांगितलं. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला. मी म्हटलं, तू इथून निघ. तर म्हणाली, "कथी जाऊ पोरी? हाई मनं माहेर शे." खरंच आहे. आखाजीला गावोगावच्या लेकींना न्यायला मुराळी येतात, तिला कुठून न्यायला आजवर कोणी आलेलं नाही.

म्हणून हे पत्र, झिपरू. तू तिचा मुराळी हो. आखाजी अवसेनंतर तिसऱ्या दिवशी आहे, तू अवसेच्या आदल्या दिवशी आलास तर कोणाला नवल वाटणार नाही. गाडीने शिंदखेड्याला उतर, हे तिथे बैलगाडी घेऊन थांबतील. निघताना बैलगाडीत माझं हिरवं लुगडं नेसून, पदर नाकापर्यंत ओढून जी बसेल ती मी नसेन, फुई असेल. अंगाने ती माझ्याएवढीच आहे. बांगड्या भरायचं म्हटलं की ती हात लपवते आणि लहान मुलीसारखी रडते. पण मी भरणार आहे, कारण उघडा हात पारावरून दिसला तर तिथेच सगळं संपेल. पाराजवळ आलात की तिला मोठ्याने अक्का म्हण, मला चिडवतोस तसं चिडव, लोकांना ऐकू जाऊ दे. बेबा तिच्या मांडीवर असेल. आई माहेरी जाते आणि लेक मागे राहते असं कोणी बघितलं नाही, म्हणून तिला द्यावीच लागते. वेशीबाहेर पडेपर्यंत तिला "आई कुठे" असं विचारू देऊ नकोस, गूळ दे, गाणं म्हण, काहीही कर. मी फुईच्या खोलीत दार लावून बसेन आणि वेळेवर तिची चूल पेटवीन, म्हणजे धूर बघून गावाला ती घरातच आहे असं वाटेल. अवसेला लोक त्या दाराशी येतील तेव्हा उंबऱ्यात आपण उभे राहू, असं यांनी म्हटलं आहे. हे एकटेच. मला मरणाची भीती वाटते, तुझ्याशी खोटं कशाला बोलू. पण फुईला आपल्या घरी उतरवून तू उलट्या पावली इकडे येऊ नकोस, लेकरू सांभाळ. बेबाला दूध निववून लागतं. झोपताना तिला कोणाच्या तरी कानाची पाळी हातात धरावी लागते, नाहीतर ती झोपत नाही. पहिल्या रात्री तू तिच्याजवळ नीज आणि तुझा कान दे.

तुझीच,
मंजुळाअक्का